परतीची वेळ



डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आपल्या धर्मग्रामातील १७ जण राजगड ते तोरणा ही डोंगरवाट चालायला गेलो होतो. संध्याकाळी सातपर्यंत खाली उतरून घरी फोन करू, असे सांगून आम्ही निघालो. प्रत्यक्षात वेल्हे गावात पाय टेकले तेव्हा रात्रीचा सव्वा वाजला होता. त्या रात्रीच्या गोष्टीला एव्हाना बरेच पाय फुटले आहेत. कोणी म्हणते मुले दरीत पडली, कोणी म्हणते बिबट्याने वाट अडवली. तसे काही घडले नाही. सगळे सुखरूप परत आले, त्याबद्दल देवाचे आभार.

परंतु 'सुखरूप आलो ना, मग झाले तर!' असे म्हणून हा विषय मिटवणे आम्हाला बरोबर वाटत नाही. सुखरूप परत येणे वेगळे आणि बरोबर वागणे वेगळे. चालणारे सतरा जण होते, पण चुकीचा निर्णय सतरा जणांचा नव्हता. तो हे लिहिणाऱ्या आमचा होता. म्हणून या रविवारी त्या दिवसाचा हिशेब आपणा सर्वांपुढे मांडत आहोत. हिशेब मांडला की त्यातून थोडे शिकताही येईल.

१. वाट कशी आहे?

आपण मोडनिंबकर सपाटीवरची माणसे. चालणे आपल्याला नवे नाही. पंढरपूर इथून जवळ, वारीच्या दिवसांत शेकडो पावले आपण डोळ्यांनी पाहतो. पण सपाटीवर चालण्याचे माप एकच असते : किलोमीटर. डोंगरावर दुसरे माप येते, ते म्हणजे चढ. हे दुसरे माप आम्ही विसरलो.

राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले पुणे जिल्ह्यात आहेत. राजगड ही सुमारे पाव शतक शिवाजी महाराजांची राजधानी होती. तोरणा म्हणजेच प्रचंडगड, उंची १४०३ मीटर. गुंजवणे गावातून राजगडाच्या पद्मावती माचीवर चढायचे, संजीवनी माचीच्या टोकाकडून अळू दरवाजाने बाहेर पडायचे, मग डोंगराची एक लांबलचक धार धरून तोरण्याच्या बुधला माचीवर चढायचे आणि शेवटी बिनी दरवाजाने वेल्हे गावात उतरायचे, अशी ही वाट. दोन किल्ल्यांमधली धारच सुमारे १२ ते १४ किलोमीटर भरते. मध्ये एका खिंडीत डांबरी सडक ही धार ओलांडून जाते. ही सडक लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळे येऊन ठेपणार आहे.

अशा वाटेला वेळ किती लागेल याचा एक जुना आडाखा आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो १८९२ साली मांडला. दर ५ किलोमीटर चालीला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवायचा. आमची चढउतारासह सगळी वाट ढोबळमानाने २३ किलोमीटर, म्हणजे साडेचार तासांहून थोडे अधिक. चढ सगळा मिळून १२०० मीटर धरला तर आणखी दोन तास. बेरीज झाली सुमारे साडेसहा तास. मात्र हा आडाखा सरावाच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. आमच्यात ११ तरुण, महिला मंडळाच्या तीन भगिनी, एक सिस्टर, एक निवृत्त मास्तर आणि आम्ही. अशा मेळाव्याने त्यात निम्मा वेळ आणखी मिळवावा. म्हणजे १० तास.

डिसेंबरच्या मध्यावर पुण्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. दिवस जेमतेम ११ तासांचा. दहा तासांची वाट आणि अकरा तासांचा दिवस! उजाडताच पहिले पाऊल पडले असते तरी हाती एकच तास शिल्लक राहत होता. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो. आम्ही तो परत आल्यावर केला.

२. दिवस कुठे गेला?

रात्र आमच्यावर अचानक कोसळली असे वाटते खरे, पण ती हप्त्याहप्त्याने आली.

शुक्रवारी रात्री दहाला मोडनिंबहून निघायचे ठरले होते. सगळे जमेपर्यंत सव्वाबारा वाजले. भिगवणजवळ गाडीचे चाक पंक्चर झाले, त्यात तासाच्या वर गेला. पुण्याजवळ चहा झाला. गुंजवण्यात पोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते आणि चढायला लागलो साडेआठला. साडेआठ अधिक दहा तास म्हणजे संध्याकाळचे साडेसहा. म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, कोवळ्या उन्हात उभे असतानाच आमच्या नशिबी अंधार लिहिला गेला होता. फक्त तो कोणी वाचला नाही.

सव्वाअकराला पद्मावती माचीवर पोचलो. पिठले-भाकरी झाली, फोटो झाले. मग तरुणांनी बालेकिल्ल्याचा हट्ट धरला. 'फादर, अर्ध्या तासात जाऊन येतो.' आम्ही हो म्हटले आणि स्वतःही गेलो. अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. सव्वा वाजता पद्मावती माची सोडली, सव्वादोनला अळू दरवाजातून बाहेर पडलो.

तीनच्या सुमारास धारेवर एक म्हातारे गुराखी भेटले. त्यांनी आमच्याकडे पाहिले, मग रांगेच्या शेवटी लांब मागे राहिलेल्या मास्तरांकडे पाहिले आणि म्हणाले, "पाव्हणं, दिस लहान हाय आता. खिंडीत सडक लागंल, तिथनं खाली उतरा. तोरणा काय पळून जात न्हाई."

आम्ही त्यांचे आभार मानले आणि पुढे चालू लागलो.

३. खिंडीतला प्रश्न

चार वाजता खिंडीतल्या सडकेवर आलो. इथे फोन लागत होता. गाडी वेल्ह्यात उभी होती, चालकाला वर बोलावता आले असते. सूर्य मावळायला दोन तास होते आणि तोरण्याच्या माथ्यावर पोचायलाच अडीच ते तीन तास लागणार होते. उतार त्यानंतर.

इथे थांबायला हवे होते, हे आम्हाला त्या वेळीच कळले होते. ही कबुली महत्त्वाची आहे. 'कळले नाही' असे म्हणून सुटता येणार नाही. मनात दुसरेच काही चालले होते. इतके आलो आहोत, तरुण हिरमुसतील, पुढच्या रविवारी लोक विचारतील की तोरणा झाला का. म्हणून आम्ही निर्णय घेण्याऐवजी एक प्रश्न विचारला : "कोणी दमलंय का?"

सतरा जणांपैकी एकानेही हात वर केला नाही.

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न दिसायला प्रेमाचा आहे, पण तो चुकीचा होता. फादरांसमोर, तरुण पोरांसमोर, 'होय, मी दमलो' असे कोण म्हणेल? मास्तरांचा गुडघा राजगड उतरतानाच दुखू लागला होता. ते आम्हाला दुसऱ्या दिवशी म्हणाले, "फादर, माझ्यामुळं सगळ्यांचं राहिलं असतं. म्हणून गप्प बसलो." सिस्टरांचे पाणी संपत आले होते, त्याही गप्प बसल्या. आम्ही त्या मौनाला होकार समजलो. खरे तर निर्णयाचे आमचे ओझे आम्ही सर्वांत थकलेल्या माणसाच्या खांद्यावर टाकले होते.

४. अंधार

बुधला माचीखालच्या कातळाच्या टप्प्याशी आलो तेव्हा सहाला दहा कमी होते. आपल्या भागात सूर्य क्षितिजाकडे जवळजवळ सरळ खाली जातो, त्यामुळे संधिप्रकाश फार कमी वेळ टिकतो. युरोपातल्या उन्हाळ्यात मावळतीनंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो, आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटांत पायाखालचा दगड दिसेनासा होतो. चांदणे नव्हते. सतरा जणांत चार विजेऱ्या होत्या. बाकीच्यांची भिस्त मोबाईलवर, आणि दिवसभर फोटो काढून मोबाईल अर्धमेले झालेले.

कातळाचा टप्पा एकेकाला हात देत चढायला सव्वा तास गेला. वर आल्यावर मास्तरांना पाऊल टाकवेना. तेव्हा आम्ही दुसरी चूक केली. तीन तरुण म्हणाले, "आम्ही पुढं होऊन खालून माणसं घेऊन येतो." आम्ही त्यांना एक विजेरी देऊन जाऊ दिले. तिघांपैकी एकानेही तोरणा पूर्वी पाहिलेला नव्हता.

मास्तरांना दोघांच्या खांद्यावर घेत आम्ही चौदा जण पावणेनऊला मेंगाई देवीच्या मंदिराशी पोचलो. तिथे फोन लागला. चालकाला विचारले, "पोरं पोचली का?" तो म्हणाला, "कुठली पोरं? खाली कोणी आलेलं नाही."

ते वाक्य ऐकले तेव्हा काय वाटले ते लिहिता येत नाही. आम्ही पुन्हा पुन्हा माणसे मोजली. चौदा. दर वेळी चौदा. सिस्टरांनी कोणालाही हलू दिले नाही, सगळ्यांना मंदिराच्या आडोशाला बसवले, उरलेली चिक्की वाटली. सरावाचा एक तरुण आणि आम्ही, दोघेच विजेरी घेऊन हाका मारत निघालो.

दहाच्या सुमारास उत्तर आले. तिघे दरवाजाची वाट चुकून झुंजार माचीच्या बाजूला गेले होते. तिकडे कडे आहेत. आमच्यासमोर त्यांनी जे सांगितले ते तुम्ही नीट ऐकावे. विजेरी मंद झाल्यावर दोघे म्हणत होते की खाली गावातले दिवे दिसतात, त्या दिशेने उतरू या. तिसऱ्याने त्यांना बसवले. हा आपला पोरगा रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी धरायला जातो, अंधाराशी त्याची ओळख आहे. तो म्हणाला, "जिथं बांध दिसत नाही तिथं पाय टाकायचा नाही. बसा खाली." तिघे एकमेकांना टेकून दीड तास बसले आणि थोड्या थोड्या वेळाने हाका देत राहिले.

गावातले दिवे दिसत होते हे खरे. पण दिवा दिसणे म्हणजे वाट दिसणे नव्हे. मध्ये कडा असू शकतो, आणि तिथे तो होता.

वेल्ह्यातून चालक आणि गावातली चार माणसे मोठ्या विजेऱ्या घेऊन वर आली, ती बिनी दरवाजाशी भेटली. त्यांनी नाव-गाव काही विचारले नाही, एकच विचारले, "सगळी आली ना?" मास्तरांना सांभाळत उतरायला पुढचे अडीच तास लागले.

इकडे मोडनिंबला आठ वाजल्यापासून घरची मंडळी देवळाच्या आवारात बसून होती. रविवारी मिस्सानंतर त्या तिघांपैकी एकाची आई भेटली. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "फादर, तुम्ही बरोबर होता म्हणून पाठवलं होतं."

५. एका धर्मगुरूची दुसरी एक रात्र

डोंगरात रात्र होणे म्हणजेच चूक, असे मात्र समजू नये. जाणत्यांनाही रात्र गाठते. ती गाठल्यावर ते काय करतात हे पाहण्यासारखे आहे.

१८८९ सालच्या जुलै महिन्यात मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयात काम करणारे ३२ वर्षांचे एक धर्मगुरू आल्प्समधल्या मोंते रोझा या पर्वतावर त्याच्या पूर्वेकडच्या, बर्फाच्या प्रचंड भिंतीने चढले. त्यांचे नाव आकिले राती. बरोबर त्यांचे एक धर्मगुरू मित्र, एक वाटाड्या आणि एक हमाल, असे चौघे. चढाईला वेळ लागला आणि माथ्याजवळ पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. उंची सुमारे ४६०० मीटर, वारा आणि कडाक्याची थंडी. अंधारात उतरायचे नाही असे त्यांनी ठरवले. माथ्याखाली खडकाचा एक अरुंद कंगोरा सापडला. त्यावर चौघांनी रात्र काढली. झोपायचे नाही, पाय आपटत राहायचे, एकमेकांना जागे ठेवायचे. उजाडल्यावर ते ४६३४ मीटर उंचीचे शिखर चढून पलीकडे उतरले.

हेच फादर राती पुढे १९२२ साली पोप अकरावे पायस झाले. पोपपदावर असताना १९२३ साली त्यांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

या रात्रीची आणि आमच्या रात्रीची तुलना करताना लाज वाटते, पण करायला हवी. ते आमच्यापेक्षा कितीतरी अवघड जागी होते. तरी ते चौघे रात्री चार होते आणि सकाळीही चार. त्यांच्याबरोबर जाणता वाटाड्या होता. आम्ही बरोबर वाटाड्या घेतला नाही आणि जो वाटेत देवाने भेटवला त्या म्हाताऱ्या गुराख्याचे ऐकले नाही.

६. हिरकणी आणि बुरूज

हिरकणीची लोककथा आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे बाळ. रात्री ती कडा उतरून बाळाकडे गेली. आईच्या धाडसाची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो, आणि ते योग्यच आहे. तिच्यापुढे कारण होते. आमच्यापुढे फक्त हौस होती.

पण कथेचा शेवट आपण घाईने सांगतो. महाराजांनी काय केले? तिचा सन्मान केला, आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधून घेतला. आज त्याला हिरकणीचा बुरूज म्हणतात. सन्मान आणि बुरूज, दोन्ही. धाडसाला शाबासकी दिली म्हणून तो कडा उघडा ठेवला नाही.

आपल्याकडे पहिले काम लगेच होते, दुसरे राहून जाते. परत आल्यापासून त्या तीन तरुणांची पाठ थोपटायला पुष्कळ जण आले. 'पुढच्या वेळी असे होऊ नये म्हणून काय करणार?' असे विचारणारे दोघेच भेटले. हा लेख म्हणजे तो बुरूज बांधण्याचा प्रयत्न आहे.

७. सुज्ञता म्हणजे काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे सुज्ञतेवरचे विवेचन आम्ही पाठ केले होते. परीक्षेत चांगले गुणही मिळाले. त्याचा अर्थ मात्र या डोंगराने शिकवला.

संत थॉमस सांगतात की सुज्ञतेची कामे तीन : सल्ला घेणे, निवाडा करणे आणि आज्ञा देणे. यांतले मुख्य काम तिसरे. आता खिंडीतला प्रसंग आठवा. सल्ला मिळाला होता, गुराखीबाबांनी तो न मागता दिला. निवाडाही मनात झाला होता, थांबायला हवे हे कळले होते. राहिले फक्त एक वाक्य : "आज इथूनच परत." ते तोंडातून निघाले नाही. आणि ते निघाले नाही म्हणून पहिल्या दोन गोष्टी असून नसल्यासारख्या झाल्या. ज्याला सगळे कळते पण वेळेवर सांगता येत नाही, त्याला सुज्ञ म्हणता येत नाही.

घरातही असेच घडते. कर्ज वाढत आहे हे दोघांना कळते, पोराचे व्यसन आईला कळते, छातीतले दुखणे ज्याचे त्याला कळते. 'इथूनच परत' हे वाक्य मात्र कोणी उच्चारत नाही, कारण इतके चालून आलेलो असतो.

धैर्याविषयीही संत थॉमस एक गोष्ट सांगतात, ती तरुणांनी ध्यानात ठेवावी. धैर्याचे मुख्य काम चढाई करणे हे नसून टिकून राहणे हे आहे. झुंजार माचीवर त्या रात्री सर्वांत धीराचे काम कोणी केले? जो चालला त्याने नव्हे. जो बसला आणि ज्याने दोघांना बसवले त्याने.

८. यापुढे आपल्या धर्मग्रामाच्या सहलींसाठी

युवक संघ आणि महिला मंडळ यांच्याशी बोलून पुढील गोष्टी ठरवल्या आहेत. घरगुती सहलीसाठीही त्या उपयोगी पडाव्यात.

(१) निघण्यापूर्वी वाटेचा हिशेब कागदावर मांडायचा : अंतर, चढ, लागणारा वेळ, सूर्यास्त. परतीची वेळ त्याच कागदावर लिहायची. ती वेळ झाली की शिखर दहा मिनिटांवर असले तरी मागे वळायचे. कागदाची एक प्रत चालकाकडे, एक गावात.

(२) माहीत नसलेल्या डोंगरात स्थानिक वाटाड्या घ्यायचा.

(३) चालीचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा. रांगेच्या पुढे एक जाणता आणि शेवटी एक जाणता. शेवटच्याच्या मागे कोणी राहायचे नाही. प्रत्येक थांब्यावर माणसे मोजायची.

(४) 'कोणी दमलंय का?' असे सर्वांसमोर विचारायचे नाही. शेवटच्या माणसाजवळ जाऊन एकट्याला विचारायचे, आणि निर्णय प्रमुखाने आपल्या नावावर घ्यायचा.

(५) दिवसाची सहल असली तरी प्रत्येकाजवळ स्वतःची विजेरी, जास्तीचे सेल, एक उबदार कपडा, तीन-चार लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे आणि शिट्टी. मोबाईल म्हणजे विजेरी नव्हे, तो फोनसाठी राखून ठेवायचा.

(६) अंधार झालाच तर आधी थांबायचे. मोजायचे, गरम कपडे घालायचे, थोडे खायचे, मग ठरवायचे. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, तेव्हा एकमेकांच्या तोंडावर उजेड मारायचा नाही. वाट पक्की माहीत नसेल तर कड्यापासून दूर, वाऱ्याच्या आडोशाला उजाडेपर्यंत बसायचे. दिव्यांच्या रोखाने किंवा ओढ्याच्या घळीतून उतरायचे नाही. गट फोडायचा नाही.

(७) डोंगरात मदत हवी असल्याची एक रूढ खूण अशी आहे : मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा विजेरीची उघडझाप, मग एक मिनिट थांबून पुन्हा. त्याला उत्तर मिनिटाला तीन वेळा. फोन लागला तर ११२. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाचे बचावासाठी समन्वय केंद्रही आहे. त्याचा क्रमांक निघण्यापूर्वी लिहून घ्यायचा. आणि पायथ्याच्या गावाला विसरू नये. सर्वांत आधी पोचतात ती तीच माणसे.

एक गोष्ट शेवटी सांगायची आहे. पुढच्या हिवाळ्यात तोरण्याला पुन्हा जायचे असे तरुणांनी ठरवले आहे आणि आमची त्याला संमती आहे. भीतीने डोंगर बंद करणे हा बुरूज नव्हे. या वेळी मास्तर येणार नाहीत, पण वाटेचा हिशेब तपासायचे काम त्यांनी मागून घेतले आहे. परतीची वेळ तेच लिहिणार आहेत. त्या तीन मुलांच्या घरी आम्ही आदल्या दिवशी जाऊ, तो कागद त्यांच्या आईवडिलांना वाचून दाखवू आणि मगच मुले मागू. 'तुम्ही बरोबर होता म्हणून पाठवलं होतं' या वाक्याला आमच्याजवळ दुसरे उत्तर नाही.

चिंतनासाठी प्रश्न
(वाडीतील सभेत किंवा घरी जेवणानंतर चर्चा करावी.)

१. 'इतके आलोच आहोत तर' असे म्हणून आपण कधी पुढे गेलो का? परतीची खिंड कोणती होती?

२. आपल्या घरात दमलेला पण गप्प बसणारा कोण आहे? त्याला एकट्याला शेवटचे कधी विचारले?

३. वाटेत भेटलेल्या एखाद्या 'गुराखीबाबां'चा सल्ला आपण आभार मानून सोडून दिला का?

४. आपल्या कुटुंबात एखादे संकट टळले असेल तर त्यानंतर आपण बुरूज बांधला, की फक्त पाठ थोपटली?

आपले,
धर्मगुरू, मोडनिंब